दाखल-खारीज

शाळा भरायच्या आधी तिथं हळद भरायची.
सांगलीच्या यार्डामागचं गोदाम,
भिंतीवर कोळशानं लिहिलेली वजनं.
जूनमध्ये चुना फिरवला, तरी
तीनशे चाळीस, दोनशे बारा वर येतच राहिले.
आम्ही त्यांचीच वजाबाकी करायचो.

बाकं नव्हती, पोती होती.
उठलं की मागून सगळे पिवळे,
वर्गभर लग्नं ठरल्यासारखे.

घंटा म्हणजे बारक्या गाडीच्या रुळाचा तुकडा,
मिरजेहून गार्ड डिमेलोंनी सायकलवर आणलेला.
कॅथलिक शाळेत कॅथलिक दोघंच:
डिमेलोंची आयव्ही आणि तिचा शेंबडा भाऊ.
ती दोघं क्रूस करायची, तेव्हा
हसीना मुजावर, चौगुल्यांचा भरतेश आणि मी
हात कुठं ठेवायचे ते
एकमेकांकडं बघून ठरवायचो.

सिस्टर लियोबा कोट्टयमच्या.
शाळेला 'तो' म्हणायच्या, फळ्याला 'ती'.
रोज हजेरी घ्यायच्या.
वहीत नावं अकरा, पोत्यांवर पोरं बारा.
बारावी मी.
आई पलीकडं हळकुंडं निवडायची,
मला सावलीला म्हणून तिथं बसवलेलं.
सिस्टर रोज मोजायच्या,
रोज एकाशी अडायच्या,
आणि वही मिटायच्या.

एकदा त्यांनी झग्याला साबण लावला
आणि पिवळी किनार लालभडक झाली.
हमाल हसले. कुणी म्हणालं,
बाईला कुंकू लागलं की रं!
सिस्टर बादलीपाशी तशाच बसून.
तेव्हा आई आत आली, पहिल्यांदाच,
चपला बाहेर काढून, देवळात येतात तशी.
"साबण नका लावू बाई, हळद चिडती.
नुस्तं पाण्यातनं काढा, उन्हात टाका.
ऊन खातंय तिला."
'चिडती' त्यांना कळेना.
मी नाक फुगवून दाखवलं.
तेव्हा हसल्या त्या, ओल्या झग्यासकट.

तीन दुपारी लागल्या पांढरं व्हायला.
चौथ्या दिवशी वही उघडून म्हणाल्या,
"हा मुलगी कुणाची?"

परवा पेन्शनसाठी जन्माचा दाखला हवा होता.
आता तीन मजले, बसची रांग,
दारात संगमरवरी मेरी.
क्लार्कनं सुतळी सोडून पहिली वही काढली.
अनुक्रमांक बारा. द्वारका गणू कोळेकर.
जन्म एक जून, आमच्यात सगळ्यांचाच असतो.
फीच्या रकान्यात एकच शब्द, मल्याळी अक्षरांत.
"हे काय आहे मॅडम?"
मला येत नाही, म्हटलं.

शेवटी आईचा अंगठा, जांभळ्या शाईचा.
आणि पान हलू नये म्हणून
दुसऱ्या हातानं दाबलं असणार तिनं,
तिथं चार बोटं.
अजून पिवळी.

क्लार्क म्हणाला, "खिडकीत धरतो,
उन्हात फोटो चांगला येईल."
नको, म्हटलं.
इथंच घे.