क्लास सुटल्यावर

फ्रीज कंपनीनं फुकट दिला.
अट एवढीच, आत दुसरं काही ठेवायचं नाही.
माझा ताकाचा तांब्या बाहेरच, ओल्या फडक्यात.

कन्ना चौकात त्रेचाळीस डिग्री.
साडेपाचला क्लास सुटतो,
सायकली दारात आडव्या पडतात.
पहिला जे मागतो
तेच मग सगळे मागतात.
वीस रुपये. झाकण फिस्स.
शाळेच्या नळाला परवापासून पाणी नाही.

येमुलांचा नरहरी मागं उभा.
त्याच्या आईच्या विड्यांचा हिशेब
शनिवारी होतो.
आज मंगळवार.

पोरं हलली की
तो एक रिकामी बाटली उचलतो,
माझ्या माठाखाली धरतो.
विसळून तरी घे रे, मी म्हणते.

"नको अक्का,
तळाला थोडा रंग राहू दे.
सगळे कोपऱ्यावर थांबलेत."