तूर्त कायम

कोठी कचेरीच्या दफ्तरखान्यात मी मोडी वाचते
अकरा महिन्यांच्या हुकमावर.
अकरा संपले की एक दिवस मी कोणीच नसते.
दुसऱ्या दिवशी दक्षाबेन नवा कागद देतात,
त्याच खुर्चीवर बसायला.

परवा सोडलेलं बाड संवत एकोणीसशे पन्नासचं :
पाणीगेटबाहेरील ओढ्यावरचा पूल वाहून गेला
सबब सागाच्या दोन फळ्या टाकाव्या
राखणीस बाळोबा खोपडे, दरमहा बाबाशाही रुपये चार
पक्का पूल होई तोपर्यंत

पुढे, बाळोबास दिसत नाही, जागी मुलगा गणोजी, तूर्त.
एक फळी कुजली. नवी टाकली, तूर्त.
बाबाशाही जाऊन कलदार आले.
गणोजीच्या सुनेचा अर्ज, खाली डावा अंगठा.
आणि राज्य विलीन झालं त्या साली
कुणा कारकुनाचा जांभळ्या शाईतला शेरा :
चालू व्यवस्था तूर्त कायम

मोडीत पूर्णविराम नसतो.
आधी पानभर रेघ ओढायची,
मग हात न उचलता अक्षरं टांगत जायचं.

मी हसले. दक्षाबेन म्हणाल्या, शुं थयुं?
काय सांगणार.

माझा निकाल लागलाच नाही.
सात वर्षं न्यायमंदिराचा जिना,
त्याचा वकील आजारी, मग माझा, मग संप.
पण दुसऱ्याच तारखेला न्यायाधीशांनी
चष्मा पुसता पुसता लिहवून घेतलं होतं :
अंतरिम पोटगी, दाव्याच्या निकालापर्यंत.
कृत्तिकेचे बूट त्यातले. गोवरातलं मोसंबीसुद्धा.
मग तो गेला, आणि दावा त्याच्यामागून.
अंतिम असं काही माझ्या हाती आलंच नाही,
आणि पोरगी तर वाढली.
आता पक्क्या नोकरीतून फोन करते :
आई, तू अजून कच्चीच?

काल माझा कोणीच नसण्याचा दिवस.
पाणीगेटला गेले.
ओढा पाइपात गेलाय. पूल कुणाला आठवत नाही.
वर सेव-उसळीची गाडी, चाकांखाली विटा,
विटांवर शेवाळ.
परवानगी आहे का, विचारलं.
कामचलाउ छे, बेन. त्रेवीस वरसथी.
बसायला त्यानं दोन डब्यांवर
एक फळी टाकून दिली.

जरा हलत होती.
तिखट जास्त घाल, म्हटलं.