गुरुवारची व्हॅन

गुरुवारी चारला निघते माझी व्हॅन.
चौदा पोरं, सहा दरवाजे.
दरवाजे व्हॅनचे नव्हेत, सूर गावातले.

पहिला कराटेचा, दवाखान्याच्या माडीवर.
तिथं जुई उतरते, जी म्हणे वर्गात
हजेरीलासुद्धा तोंड उघडत नाही.
तिची आरोळी मी खाली गाडीत बसून ऐकतो.
शेजारच्या कापडवाल्यानं एकदा विचारलं,
वर कुणाला मारतायत का?

मग अबॅकस. मग क्रिकेटची जाळी.
मग झुलत्या पुलापलीकडं, जहाजं बांधतात त्या आवारात
म्हातारे उस्ताद खल्फान,
जे पोरांना गाठी शिकवतात. फक्त गाठी.
एक गाठ महिनाभर चालते,
भाषा अर्धी अरबी, अर्धी बोटांची.

शार्दूल क्रिकेटला जाताना
दोनदा ओकला होता गाडीत, जाळी दिसायच्याही आधी.
मी पुसून काढलं. कुणाला बोललो नाही.
आता त्याच्या दप्तरातून सुतळी लोंबते
आणि उतरताना तो माझ्या हातावर टाळी देतो.

नाटकाचा पाचवा.
सहावा शिवणाचा, परवीनबाईंच्या हॉलमध्ये,
जिथं निहारनं बापाच्या फाटक्या कामाच्या कपड्यांची
पिशवी शिवली, गॅसच्या प्लांटचा बिल्ला तसाच ठेवून.
बाप तीच घेऊन बाजारात जातो हल्ली.

आमच्या आंजर्ल्याला एकच कार्यक्रम होता:
शाळा सुटली की होडी.
मला पाण्याचं भ्या.
अब्बांना वाटलं, पोरगं आळशी.
मलाही तेच वाटत राहिलं बरीच वर्षं.
स्टिअरिंग हातात आलं तेव्हा कळलं
की हात शहाणे होते माझे.
तेव्हा मी एकतीस वर्षांचा.

परवा मंडळाची बैठक झाली.
मला बोलावलं, डिझेलचा हिशेब द्यायला.
कुलथेसाहेब म्हणाले, सहा कशाला?
बक्षिसं येतात ती दोन ठेवू.
शिवणाला तीन पोरं, गाठींना चार,
एवढ्यासाठी एवढा वळसा?
चहा आला. बिस्किटं फिरली.
माझ्या मांडीवर वही होती, किलोमीटरची.
तिच्या शेवटच्या पानांवर मी दुसरंच लिहितो,
कोण चढताना कसा, उतरताना कसा.
ती पानं मी उघडली नाहीत.

एवढंच बोललो,
साहेब, पोरांना रास अल-जिन्झला नेलं होतं रात्री,
कासवं दाखवायला.
ती बाई डोळ्यांतून पाणी गाळत वाळू उपसते
आणि शंभर अंडी घालते.
आमच्याकडंही घालतात, त्यांच्या चुलत बहिणी.
कुठलं पिल्लू पाण्याला लागणार हे ठाऊक असतं
तर तिनं एकच घातलं नसतं का?

सगळे हसले. परकार, तू तर किर्तनकार निघालास.
देवस्थळीबाई हसल्या नाहीत.
त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं,
काय, ते मला दिसलं नाही.

आज गुरुवार.
पक्का निर्णय होईपर्यंत दोनच थांबे, असा निरोप आलाय.
जुईनं आज तोंड मिटलेलं, अबॅकसला उतरली
ती मागं वळून न बघता.
शार्दूल मागच्या सीटवर, चेहरा पिवळा, क्रिकेटला.

सिग्नलला हात आपसूक इंडिकेटरवर गेला,
पुलाच्या बाजूच्या.
मागं पट्टा सुटल्याचा कट् आवाज आला.
परत लावल्याचा नाही आला.
मी आरशात बघितलं नाही.

उस्ताद बाहेरच बसले होते,
एक पाय दोराच्या वेटोळ्यावर,
जणू कुणी त्यांना निरोपच दिला नव्हता.
नसेलच दिला.

चार किलोमीटर जादा.
मगरीबची बांग झाली, व्हॅन रिकामी,
वही मांडीवर.
हे चार आता कुठल्या पानावर लिहू?