गट बदलणार म्हणे

निपाणीच्या ग्राउंडवर भरमूमामा फक्की मारतोय,
आणि ऑफिसात सरांची मीटिंग लांबलीय:
यंदा धारवाडच्या गटात राहायचं
की विजापूरच्या?

धारवाडची पोरं अंगानं थोराड.
विजापूरची बस पहाटे तीनला.
कोल्हापूर तर हाकेवर,
पण तिकडची लीग तिकडची,
आम्ही तिथं फक्त गुडघा दाखवायला जातो
डॉक्टरला.

मल्लव्वाचा संतू, आमचा रेडर,
खिडकीखाली कान देऊन उभा.
मग येऊन विचारतो,
"मामा, लाइन तर हीच राहणार न्हवं?"

मामा बोलत नाही.
डबा उलटा करून ठोकतो,
उरलीसुरली फक्की
बोनस लाइनवर सांडते,
जरा वाकडीच.

संतू पाय उचलतो.
"पुसू नगंस," मामा म्हणतो,
"उद्या शिरगुप्पीवाली येत्यात,
त्यास्नीबी हीच."