क्रियापद

चाळीस वर्षं माश्या चावल्या यर्नेयला,
पीठ झटकावं तसा तो हात झटकायचा.
त्या मे महिन्यात एकाच डंखाने
कोपरापर्यंत हात भोपळ्यासारखा सुजला,
आठ दिवस उतरला नाही.
मी म्हटलं, म्हातारा झालास.
तो म्हणाला, माशीच म्हातारी झाली असेल.

रक्त घेतलं डंखासाठी, सापडलं भलतंच.
पांढऱ्या पेशी एकसष्ट हजार.
ल्युब्लियानाच्या प्रयोगशाळेतल्या त्या पोरीने
मलाही डोळा लावू दिला सूक्ष्मदर्शकाला:
जांभळे ठिपके, एकाच साच्यातले,
आणि मध्येमध्ये काही फिसकटलेले,
ओल्या शाईवरून बाही फिरावी तसे.
"फार नाजूक असतात," ती म्हणाली,
"काचेवर पसरतानाच फुटतात."
आणि शरीरात?
"शरीरात मरायचंच विसरतात."

मला ऑगस्ट आठवला.
ऑगस्ट सरता सरता कामकरी माश्या
नरांना पंखाला धरून दाराबाहेर ओढतात.
राणी गेलेल्या पेटीत मात्र कुणी कुणाला काढत नाही.
नर बसून राहतात, साठवलेलं खातात,
ना पहारा, ना मध,
नुसती गर्दी.

डॉक्टर कोबालबाईंनी उपचार सांगितला:
सध्या काही करायचं नाही.
दर तीन महिन्यांनी यायचं, मोजायचं, घरी जायचं.
मला राग आला. यर्नेय मात्र खूश:
"मी तरी हिवाळ्यात दुसरं काय करतो?
पेटीला कान लावायचा, झाकण उघडायचं नाही."

तीन हिवाळे आम्ही झाकण उघडलं नाही.
पहिल्यात न्यूमोनिया, नाताळच्याच रात्री.
दुसऱ्यात नागीण, कमरेभोवती अर्धा वेढा,
सदरा लागला तरी तो ओरडायचा.
एवढं सैन्य अंगात, आणि वेशीवर कुणी नाही!
मानेतल्या गाठी आधी मटाराएवढ्या,
मग अक्रोडाएवढ्या.
रात्री उशी पिळून वाळत घालायची.
नातीला शिंक आली की ती खिडकीबाहेरूनच हात हलवायची,
काचेवर नाक चपटं करून.

चौथ्या वसंतात त्याचे डोळे मेणासारखे पिवळे झाले.
जिना अर्धा चढून बसला.
घरचेच पहारेकरी आता
घरच्याच लाल पेशी फोडत होते.
आधी स्टेरॉइड. त्याने चेहरा चंद्रासारखा फुगला,
आणि रात्री दोन वाजता उठून त्याने
पंधरा पेट्यांच्या पाट्या नव्याने रंगवल्या.
शिकाऱ्याची तिरडी खांद्यावर घेतलेले ससे
या खेपेला जरा जास्तच हसरे.

मग गोळ्या.
पहिला आठवडा वीस, मग पन्नास, मग शंभर,
मग दोनशे, मग चारशे.
एकदम का नाही?
"एकदम इतक्या मरतील," बाई म्हणाल्या,
"की त्यांच्या मढ्यांनी मूत्रपिंडं तुंबतील."
म्हणून पाणी.
अर्ध्या लिटरच्या पाच रिकाम्या बरण्या
मी रोज सकाळी ओळीने भरून ठेवते,
मधाचा वास गेलेला नाही त्यांचा.
ग्रेपफ्रूट बंद. ते आम्ही कधी खाल्लं होतं!

तिसऱ्या आठवड्यात आकडा नऊ हजारांवर आला.
बाई म्हणाल्या, मरताहेत, छान मरताहेत.

आमच्या भाषेत जनावर मरतं त्याला एक क्रियापद,
माणूस मरतो त्याला दुसरं.
मधमाशी तेवढी माणसाच्या क्रियापदाने मरते,
तिला दुसरं लावलं तर
यर्नेयची आई ताटावरून उठवायची.
मी बाईंना विचारलं, या पेशींना कुठलं?
त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
कागदाकडे बघत म्हणाल्या,
"त्याच्याच आहेत ना."

काल रात्री चौथी बरणी संपवून
तो डाव्या बरगडीखाली हात ठेवून बसला होता,
पेटीला कान लावल्यासारखा.
काय ऐकू येतं?
"गर्दी कमी झालीय."
मग बराच वेळ गप्प.
"गुणगुण आहे पण."
मी पाचवी बरणी पुढे सरकवली.