फरक

पारडीच्या पुढं, नागनदीच्या कडेला
माझा वजनकाटा.
टिप्पर चढतो, डुलतो, उतरतो.
मी लिहितो : खेप चौदा, ओली, वास सडका.
वासाचा रकाना मी आखलाय,
छापील वहीत नव्हता.

आधी मोठी जाळी.
तिच्यावर राहतात चपला (बहुतेक डाव्या),
नारळ, टीव्हीचा रिमोट, साडीचा काठ,
प्लास्टरच्या मूर्तीचा आशीर्वादाचा हात.
हात सयाबाई निनावे बाजूला काढतात,
धुतात, कुंपणाच्या खांबावर खोचतात.
एकवीस झालेत.
मुकादम ओरडला तेव्हा म्हणाल्या,
"राहू द्या नं जी, तुमचं काय खाते?"

मग बारीक चाळणी. मग वाळवण.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
ह्या प्लँटला फुकट मिळणारी एकच गोष्ट.
तिसऱ्या दिवशी चिखल कडा उचलतो,
पाय पडला की
कुरडई मोडल्यासारखा वाजतो.

एकदा नाईक तलावाचा गाळ आला.
एक ढेकूळ फुटलं आणि आत
निळी रेघ.
सयाबाईंनी नखानं खरवडली, नखाकडे बघत राहिल्या.
"सासऱ्याचा रंग हाये हा.
सूत बुडवून उरलेलं पाणी तलावातच ओतत."
माग भंगारात जाऊन तीस वर्षं झाली होती.
रेघ अजून ओली.

त्याच आठवड्यात लॅबचा कागद आला :
शिसं, जस्त, क्रोमियम. शेतात टाकू नये.
मांढळहून ट्रॅक्टर घेऊन आलेला
रिकामी ट्रॉली खडखडवत परतला.
शेतानं नाकारलेली माती
कोराडीच्या राखेत मिसळली, सिमेंट पडलं,
वरून शंभर टनांचा दाब,
एकवीस दिवस पाणी,
आणि झाला फूटपाथचा गट्टू.
करडा. सगळे करडे.
रेघेचा गट्टू वेगळा काढायचा
माझ्या मनात होतं, सांगायचं राहिलं.

"दिसला तर ओळखाल?" मी विचारलं.
"वळखून का करू?
पाय ठेवला म्हंजे झालं."
आणि जाळीकडे गेल्या. नखं अजून निळी.

मार्चअखेरीला ऑडिटवाला आला.
आत नऊ टन, बाहेर साडेचार,
फरक कुठं गेला?
मी बोट वर केलं.
त्यानं चष्मा सावरून
बराच वेळ आभाळाकडे बघितलं,
मग वहीकडे,
मग वासाच्या रकान्यावर पेन ठेवून म्हणाला,
हे काय आहे?