तांबं चालत नाही

आमच्या कसब्यात, तांबट आळीत,
घड्याळ कुणाकडेच नव्हतं.
पहाटेचा पहिला ठोका करड्यांचा, मग पोकळ्यांचा, मग आमचा.
नुसत्या ठोक्यावरून वडील सांगत
कुणाची घागर गळ्याशी आलीय
आणि कोण अजून बुडाशीच घुटमळतोय.

विजेच्या तारा तेव्हा लष्करात होत्या, पेठेत नव्हत्या.
वाचनालयाचे चिटणीस कागद घेऊन आले, गॅसचा बंब हवा म्हणाले.
चित्रात पाण्याचं पिंप, त्यात पालथं घातलेलं भांडं,
तळाशी जाळीच्या डब्यात कार्बाइडचे खडे,
राखाडी, ओबडधोबड, कुणी फेकून दिल्यासारखे.

थेंब पडतो. खडा चुरचुरतो. वायू चढतो
आणि पालथं भांडं पाण्यातून हळूच वर येतं,
झोपलेल्या माणसाचं पोट यावं तसं.
ते वर आलं की साखळी ताणते, तोटी बंद.
दिवे जेवतात, भांडं बसतं,
साखळी सैल, तोटी उघडी.
पुन्हा एक थेंब.
वडील कितीतरी वेळ बोटानं ते चित्र वर-खाली करत राहिले.
म्हणाले, "ह्याला मुनीम नको.
भूक लागली की मागतो, पोट भरलं की गप्प."

बंब म्हणजे तांब्याचाच. विचारायचं काय त्यात?
दीड महिना मठारकाम चाललं.
उन्हात ठेवला की समोरच्या भिंतीवर
मासोळीच्या खवल्यांसारखा उजेड हलायचा.

पहिल्या रात्री दोन बारीक धारा
एकमेकींवर आपटून चपट्या झाल्या,
उभ्या धरलेल्या शिंपल्याएवढी ज्योत,
इतकी पांढरी, की वाचकांना
पहिल्यांदाच एकमेकांच्या कॉलरी दिसल्या.
दुसऱ्या दिवशी सूचनांच्या वहीत गद्रे वकिलांनी लिहिलं:
"ऐन चातुर्मासात वाचनालयात लसणाचा वास येतो. खुलासा व्हावा."
खाली वडिलांचा खुलासा, मोडीत:
"वास खड्याचा आहे. कोणीही काही खाल्लेले नाही."

मार्गशीर्षात भांडं धुवायला घरी आलं.
आतून तांबूस-काळपट साय धरलेली, उन्हात कडकडीत वाळलेली.
कल्हईआधी खरवडतात तशी वडिलांनी खरवडली.

आवाज फार मोठा नव्हता.
आळीतला एकही हातोडा थांबला नाही.
करंगळीचं पेर मात्र सापडलं नाही.

बोहरी आळीतले ताहेरअली पत्रावाले बघायला आले.
पट्टी बांधलेल्या हाताकडे न बघता म्हणाले,
"ह्या वायूला तांबं चालत नाही, मारुतराव.
दोघांचं जमत नाही असं नाही.
फार जमतं. जमलं की फुटतं."

वडील त्या दिवशी जेवले नाहीत.
देवाला चालतं, पाण्याला चालतं,
बाळंतिणीच्या न्हाणीला चालतं,
आणि ह्या भुक्कड खड्याला चालत नाही?

दुसरा बंब ताहेरअलींनी केला, जस्ती पत्र्याचा,
रिव्हेट मारून, डाग देऊन.
वडिलांच्या वाट्याला आली फक्त तोटी.
पितळेची. जस्तानं तांब्याची खोड मोडलेली.
अंगठ्याएवढ्या तोटीवर
त्यांनी नऊ बोटांनी मठार काढला.

रोज सकाळी पिंपाच्या तळाचा पांढरा गाळ
आई घमेल्यातून आणायची, चाळायची, भिंतीला फासायची.
सहा वर्षं आमचं घर
वाचनालयातल्या उजेडाच्या चोथ्यानं पांढरं होतं.
मी त्याच भिंतीवर कोळशानं पहिला 'ग' काढला
आणि मार खाल्ला.

मग वीज आली. बंब मोडीत गेला, वजनावर.
तोटी वडिलांनी कोटाच्या खिशातून घरी आणली.

आता ती माझ्या मोरीत आहे, नीट बंद होत नाही.
प्लंबर म्हणतो, आजी, बदला ही, पाणी वाया जातं.
मी खाली तांब्या ठेवते. तांब्याचाच.
रात्री जाग आली की ऐकते.
थेंब पडतो.
काही होत नाही.